पाचाच्या ओळी

माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. घरी आली की माझ्या पडद्याकडे बघून एकदा तरी म्हणायचीच, "बाबा, अजून बेसिकच? आणि बेसिकमधलीसुद्धा ही सगळ्यात जुनी?" मग ती नव्या भाषांची नावं सांगायची. साठी उलटलेल्या माणसाला लोक जसं गुडघ्यावरचं तेल सुचवतात तशी ती सुचवायची, आणि मीही तसंच "बघू" म्हणून सोडून द्यायचो.

तिला मी बरीच उत्तरं देऊन पाहिली आहेत. ही भाषा उघडली की लगेच उघडते. काळा पडदा, त्यावर "ओके" एवढंच, आणि खाली लुकलुकणारी रेघ. चूक झाली तर कोणत्या ओळीत झाली ते तोंडावर सांगते, चार पानांचं प्रवचन देत नाही. तिचे तीसेक शब्द आले की हौशी माणसाचं भागतं. नव्या भाषांत मी पाहुण्यासारखा वावरतो, प्रत्येक वस्तू कुठे ठेवलीय ते विचारत. इथे मला डोळे मिटून मिठाचा डबा सापडतो. मी या धंद्यातला नव्हे. महाडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर. मला एवढं पुरतं.

ही उत्तरं खोटी नाहीत. पण खरं उत्तर मी तिला अनेक वर्षं दिलं नव्हतं, कारण ते देताना एक गोष्ट कबूल करावी लागली असती. या जुन्या बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला आकडा असतो. त्या आकड्यांमुळे मला आयुष्यातला सगळ्यात चांगला मित्र मिळाला, आणि त्याच आकड्यांचा आधार घेऊन मी त्याचं काम पुसून टाकलं. गेल्या वर्षी या मित्राला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा माझ्यापुढे एकच प्रश्न उरला. त्यांना समजतंय तोवर त्यांच्या ओळी त्यांना परत देता येतील का?

मित्राचं नाव इथे लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी मानेनं नको म्हटलं. पोलादपूरच्या वर, घाटाच्या रस्त्याला लागून असलेल्या बौद्धवाडीत त्यांचं घर. तिथल्याच जवळच्या प्राथमिक शाळेत त्यांनी जन्म काढला. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही गुरुजीच म्हणतो. ते मला सर म्हणत. हायस्कूलचा तो सर आणि प्राथमिकचा तो गुरुजी, ही आमच्याकडची रीत. तीस वर्षांच्या दोस्तीत आम्ही एकमेकांना कधी अरे-तुरे केलं नाही.

ओळख झाली ती शिक्षकांच्या कॉम्प्युटर प्रशिक्षणात. दहा दिवसांचा वर्ग, दोन मास्तरांत एक मशीन. गुरुजी माझ्या शेजारी आले. शिकवणारा तरुण म्हणाला, ओळींना एक, दोन, तीन असे आकडे देऊ नका. दहा, वीस, तीस असे द्या, मध्ये जागा राहू द्या. गुरुजींनी हात वर करून विचारलं, "जागा कोणासाठी ठेवायची?" वर्ग हसला. तो तरुणही हसला आणि म्हणाला, "गुरुजी, जे आत्ता सुचलं नाही त्याच्यासाठी." गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं. मलाही तेव्हा हसू आलं होतं, हे सांगायला हवं.

प्रशिक्षण संपलं आणि मशीन आमच्या हायस्कूलला आलं. प्राथमिक शाळेला कुठलं येणार! गुरुजींच्या शाळेत तेव्हा वीजही धड नव्हती. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते एसटी पकडून महाडला यायचे. हेडमास्तरांची परवानगी मी काढली होती. दुपारी दोन ते पाच आम्ही दोघं त्या मशीनपुढे बसायचो, आणि पाचच्या गाडीनं ते परत जायचे.

आठवडाभर त्यांच्याकडे मशीन नसे, म्हणून ते प्रोग्रॅम वहीत लिहीत आणि कागदावरच चालवून बघत. एका बाजूला ओळी, दुसऱ्या बाजूला एक्स किती झाला, वाय किती झाला, असं प्रत्येक पायरीला खोडून नवं लिहिलेलं. मी मशीनवर दहादा चालवून, दहादा चुकून जिथे पोचायचो, तिथे ते वहीतूनच पोचून यायचे. शनिवारी ओळी टाइप केल्या की बहुतेक वेळा त्या पहिल्या फटक्यात चालत. मला हेवा वाटे, आणि मी तो चेष्टेवर नेई. "गुरुजी, मशीनला तुमची गरज आहे, तुम्हाला मशीनची नाही."

मध्येच काही सुचलं तर ते पोस्टकार्ड पाठवत. मजकूर इतकाच: "सर, स. न. ओळ २१५ घालावी." खाली ती ओळ, खाली सही. पुढे आमच्या घरी फोन आला तेव्हा ते पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून ओळी वाचून दाखवायला लागले. "दोनशे पंधरा. जर एक्स मोठा असेल तर तीनशे पाचला जा." मी लिहून घ्यायचो. बूथवाल्याला वाटे, गुरुजी मटक्याचे आकडे लावतात. आकड्यांची भाषा होती म्हणूनच हे शक्य होतं. पुढे बिनआकड्यांची बेसिक आली, मी आणून चालवून पाहिली, सुटसुटीत होती, रंगीत होती. गुरुजींनी विचारलं, "सर, यात मी तुम्हाला फोनवर कुठं घाला म्हणून सांगू?" आम्ही ती ठेवून दिली.

पाचाची पद्धत कधी पडली ते नीट आठवत नाही. माझ्या ओळी दहाच्या पटीत होत्याच, गुरुजी मधल्या जागेत पाचाची ओळ घालू लागले, आणि हळूहळू नियमच झाला. शेवटी शून्य असेल ती सरांची, पाच असेल ती गुरुजींची. एखादा पूर्ण भाग त्यांनी लिहिला तर तो ५०५, ५१५, ५२५ असा जाई, आणि त्यात माझी ओळ पडली तर ती ५१० किंवा ५२० होई. कुणी कोणाच्या ओळीला न विचारता हात लावायचा नाही. सगळ्यात वर, दहा आकड्याची, शेऱ्याची ओळ होती. ती मशीन चालवत नाही, नुसती वाचणाऱ्यासाठी असते. तिथे माझं नाव होतं, कारण पहिली फाइल मी उघडली होती. त्याचं दोघांनाही काही वाटलं नाही. निदान मला नाही वाटलं.

आमचा मोठा प्रोग्रॅम अक्षरांचा. कॉम्प्युटर बघायला मुलं यायची, पण पडद्यावर सगळं इंग्रजी. गुरुजी म्हणाले, "आमच्या पोरांना त्याच्यावर अ दिसला पाहिजे." मी म्हटलं, ठिपक्यांनी काढता येईल. ते म्हणाले, "नुसता दिसून उपयोग नाय, सर. काढताना दिसला पाहिजे. आधी काय, मग काय, रेघ कुठून सुरू होते." पहिलीच्या मुलाचा हात धरून जन्मभर अक्षरं गिरवून घेतलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. मला हे कधीच सुचलं नसतं. मी अख्खं अक्षर एका दमात पडद्यावर फेकून मोकळा झालो असतो.

मग त्यांनी आलेखाच्या वहीत अक्षरं काढायला घेतली. चौकटी मोजून, प्रत्येक ठिपक्याला क्रम देऊन. एकेका अक्षराला दोन-दोन आठवडे. ते आकडे आम्ही डेटाच्या ओळींत भरायचो. त्या सगळ्या पाचाच्या. पहिल्यांदा पडद्यावर अ उमटला, ठिपक्यामागून ठिपका, गाठ घेत, वळण घेत, आणि शेवटी डोक्यावरची रेघ डावीकडून उजवीकडे ओढली गेली, तेव्हा गुरुजी खुर्चीतून उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "परत लावा."

दोन वर्षांत ळ, क्ष, ज्ञ सोडून सगळी मुळाक्षरं झाली. ळ जमत नव्हता. त्याचे दोन गोल त्या बारीक चौकटीत गुंतून जात. गुरुजी म्हणाले, ळ मी घेऊन येतो.

त्याच सुमारास शिक्षकांनी बनवलेल्या शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन जाहीर झालं. हेडमास्तर मला म्हणाले, तुमचा अक्षरांचा प्रोग्रॅम ठेवा. त्यांनी "तुमचा" म्हटलं ते एकवचनी होतं की अनेकवचनी, हे मी विचारलं नाही. अर्ज माझ्या हातात आला. त्यावर "तयार करणाऱ्या शिक्षकाचे नाव" असं लिहून पुढे एक रेघ होती. मी माझं नाव लिहिलं. रेघेवर दुसऱ्या नावाला जागा उरली होती. चांगली वीतभर.

मग मी दुसरी गोष्ट केली. परीक्षकांना पाहायला म्हणून प्रोग्रॅमची छापील प्रत फळ्यावर लावायची होती. दहा, पंधरा, वीस, पाचशे पाच, पाचशे पंधरा असे वेडेवाकडे आकडे मला गबाळे वाटले. या बेसिकमध्ये रिनम नावाची आज्ञा आहे. ती दिली की सगळ्या ओळींना नव्यानं ओळीनं आकडे पडतात, दहा, वीस, तीस, शेवटपर्यंत. मी ती दिली. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं शिस्तीत आलं. त्यात एकही पाच उरला नव्हता. मी तीच फाइल सेव्ह केली, जुनीवरच. वर दहा आकड्याच्या ओळीवर माझं नाव होतंच.

प्रदर्शनाला गुरुजी स्वतःच्या खर्चानं, स्वच्छ पांढरा शर्ट घालून आले होते. काखेत आलेखाची वही. बक्षीस जाहीर झालं, मला शाल मिळाली, फोटो निघाला. मी स्टेजवरून खाली आलो तेव्हा ते फळ्यासमोर उभे होते, छापील कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पाच कुठं गेले, सर?"

"रिनम दिलं, गुरुजी. नीट दिसावं म्हणून."

"बरं," ते म्हणाले. मग वही काखेत नीट धरून म्हणाले, "अभिनंदन." आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या शनिवारी ते नेहमीसारखे आले. त्यानंतरही येत राहिले. आम्ही मुलांसाठी पाढ्यांचा प्रोग्रॅम लिहिला, भाताच्या रोपांच्या अंतराचं गणित मांडलं, नक्षत्रांचा नकाशा काढायचा प्रयत्न केला. त्या सगळ्यांत पाचाच्या ओळी होत्या. दर मार्चमध्ये ते वाडीतल्या माणसांबरोबर चवदार तळ्यावर येत, आणि गर्दी ओसरली की माझ्याकडे चहाला येत. फक्त अक्षरांची फाइल त्यांनी पुन्हा कधी उघडली नाही. ळ आला नाही. मी एकदा विचारलं, ते म्हणाले, "जमत नाय." मी पुन्हा विचारलं नाही.

जातीचा यात काही संबंध नाही, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगत आलो. मशीन माझ्या शाळेचं होतं, फाइल मी उघडली होती, अर्जावर एकच रेघ होती, रिनम टापटिपीसाठी दिलं. एकेक कारण अलग घेतलं तर ते टिकतंही. आमच्या घरात गुरुजींना कधी कुणी वावगं बोललं नाही याचा तर मला अभिमान होता. त्यात अभिमान बाळगण्यासारखं काय होतं, हे विचारायला मला साठी गाठावी लागली. शेजारच्या आळीतला, आमच्यातला एखादा मास्तर असता, तर त्याचं नाव त्या वीतभर रिकाम्या रेघेवर लिहायचं माझ्याकडून राहून गेलं असतं का? नसतं राहिलं. हे उत्तर मला आवडत नाही, पण दुसरं नाही.

एकवीस सालच्या जुलैत सावित्रीचं पाणी आमच्या घरात माळ्याला टेकेपर्यंत चढलं. ओसरल्यावर गुडघाभर चिखल. जुनं मशीन, फ्लॉप्या, छापील कागद, भिंतीवरचं ते प्रशस्तिपत्र, सगळं त्यात गेलं. रस्ता सुरू झाल्याबरोबर गुरुजी घमेलं, फावडं आणि भाकऱ्या घेऊन आले आणि चार दिवस आमच्याबरोबर चिखल उपसत राहिले. तळीयेत दरड कोसळल्याची बातमी तेव्हा ताजी होती, पाऊस वाजला की सगळे आधी डोंगराकडे बघत. प्रशस्तिपत्राची फुगलेली चौकट त्यांच्याच घमेल्यात आली. त्यांनी ती पाहिली, पुसायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे दिली. "ठेवायची का, सर?" मी नको म्हटलं. त्या क्षणी तरी माफी मागायला हवी होती. मी पाण्याचा पाइप आणायला गेलो.

मग गेल्या वर्षीचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन थांबायचा. ज्या माणसानं फोनवरून मला एवढ्या ओळी वाचून दाखवल्या त्याला "पाणी" म्हणता येईना. मी दर आठवड्याला पोलादपूरला जाऊ लागलो. आता शनिवारची एसटी मी पकडत होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं की दुसरा झटका आला तर एवढंही राहील असं नाही. परत येताना गाडीत माझ्या मनात तेवढंच वाक्य फिरत असे.

अक्षरांचा प्रोग्रॅम परत उभा करायचा, पाचांसकट, आणि त्यांना दाखवायचा, असं मी ठरवलं. पण माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं, आणि उरलं असतं तरी त्यात पाच नव्हते. मी गुरुजींच्या बायकोला भीतभीतच विचारलं, त्यांची जुनी आलेखाची वही कुठे असेल का? त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून कापडात बांधलेली वही घेऊन आल्या.

"ही हाय बघा, सर. घरात कुणाला हात लावू देत नव्हते. दरवर्षी पाऊस सरला की उन्हात घालायचे."

गुरुजी खाटेवरून बघत होते. मी वही दाखवून विचारलं, "नेऊ?" त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटून होकार दिला.

घरी येऊन ती उघडली. सगळा प्रोग्रॅम होता, सुरुवातीपासून, माझ्या शून्याच्या ओळींसकट, त्यांच्या वळणदार अक्षरात. मुलीनं माझ्या लॅपटॉपवर जुन्या मशीनचं सोंग घेणारी सोय करून दिली आणि मी टाइप करायला बसलो. रोज सकाळी तीन तास. ही भाषा हातानं लिहिता येते, हातानं वाचता येते, वहीतून जशीच्या तशी परत जिवंत करता येते. या कामासाठी मी दुसरी कुठली भाषा घेणार होतो? मुलीला मी सगळी हकिगत सांगितली ती याच दिवसांत. ती फोनवर म्हणाली, "हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं." एवढंच. त्यानंतर तिनं बेसिकवरून मला छेडलेलं नाही.

शेवटच्या पानांपैकी एकावर ळ होता. पूर्ण. दोन्ही गोल सुटे, स्वच्छ, ठिपक्यांचे क्रम लावलेले, आणि शेजारी डेटाच्या ओळी तयार, सगळ्या पाचाच्या. खाली तारीख घातलेली होती. प्रदर्शनाच्या दिवसाची. म्हणजे त्या दिवशी काखेतल्या वहीत ते ळ घेऊन आले होते. मी वही मिटली आणि अंगणात जाऊन बसलो. रडलो. 

एक अडचण होती. काही पानांना डाव्या कडेनं कसर लागली होती, आणि ओळींचे आकडे डाव्या कडेलाच असतात. सातआठ ओळींच्या आकड्यांत भोकं पडून शेवटचाच अंक कुरतडला गेला होता. ओळ वाचता येई, पण ती शून्याची की पाचाची ते कळत नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला, आठवेना. मग मी त्या सगळ्या पाचाच्या केल्या. संशय आला ती गुरुजींची. मला वाटलं, माझ्याकडून एवढं तरी व्हावं.

पौषात, शेतात वाल वर आला असताना, मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. खाटेला पाठ लावून त्यांना बसवलं, मांडीवर पाट, पाटावर लॅपटॉप. प्रोग्रॅम सुरू केला. अ उमटायला लागला, गाठ, वळण, कान्याची उभी रेघ, डोक्यावरची रेघ. गुरुजींचा डावा हात हवेत त्याच्याबरोबर हलत होता. मग मी ळ काढून दाखवला. ते हसले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं पडद्याकडे खूण केली, लिस्ट. ओळी दाखवा.

मी ओळी दाखवल्या आणि जे इतकी वर्षं बोलायचं होतं ते बोललो. "गुरुजी, मी तुमच्या ओळी पुसल्या होत्या. टापटिपीसाठी नाही. बक्षीस एकट्याला हवं होतं म्हणून. मी चुकलो. या तुमच्या ओळी परत आणल्यात."   ते वाचत होते. पडद्यावरच्या ओळी संपल्या की बोट हलवायचे, पुढच्या दाखवायच्या.

पाचशेच्या भागावर ते थांबले. डाव्या हाताच्या एका बोटानं बाणाची कळ दाबत ते ५२५ वर गेले. ती कुरतडलेल्यांपैकी एक होती. त्या ओळीत काही काढलं जात नव्हतं. मशीन नुसतं एकपासून पाचशेपर्यंत मोजत होतं, दोन रेघांच्या मध्ये जरा थांबावं म्हणून, मुलाच्या डोळ्याला पुढची रेघ गाठता यावी म्हणून. मला खात्री होती, असली ओळ गुरुजींशिवाय कुणाला सुचणार? त्यांनी पाचशे पंचवीसमधला शेवटचा पाच खोडून शून्य केला, एंटर दाबलं. मग खाली येऊन एकेक कळ शोधत नुसतं ५२५ लिहिलं आणि पुन्हा एंटर दाबलं. तसं केलं की ती ओळ पुसली जाते. मग बोट माझ्या छातीकडे केलं.

"माझी?" मी विचारलं. "ही मी लिहिली होती?"

त्यांनी डोळे मिटून होकार दिला. मला आजही ते आठवत नाही. त्यांना आठवत होतं. कुरतडलेल्या ओळींपैकी तीन त्यांनी अशाच मला परत केल्या, एकेक कळ दाबत, घाम पुसायला थांबत. मी देऊ केलेलं त्यांना काही नको होतं. जे त्यांचं होतं तेवढंच हवं होतं, नेमकं तेवढंच. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही करू दिलं नाही.

ते काम झाल्यावर त्यांनी दम घेतला. त्यांच्या बायकोनं पाणी पाजलं. मला वाटलं, झालं, आता झोपतील. त्यांनी पुन्हा बोट कळांवर ठेवलं आणि ५ दाबला. मी थांबलो, पुढे पन्नास की पाचशे म्हणून. पुढे काही आलं नाही. नुसता पाच. मग शेऱ्याची आज्ञा, तीन अक्षरांची. मग एकेक अक्षर करत त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इंग्रजीत, कारण त्या पडद्याला दुसरी अक्षरं येत नाहीत. सव्वादहाला सुरू केलं तेव्हा ऊन खाटेच्या पायापर्यंत होतं, संपलं तेव्हा उंबऱ्याबाहेर गेलं होतं. एंटर दाबून त्यांनी लिस्ट लिहिलं.

पहिली ओळ पाच. तिच्यावर त्यांचं नाव. तिच्या खाली दहा, तिच्यावर माझं.

दहाच्या आधी एक जागा मोकळी आहे, आणि ती पाचाची आहे, हे मला इतक्या वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. त्यांना ते प्रशिक्षणाच्या दिवसापासून दिसत असणार.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या ओठांकडे बोट नेलं, मग पडद्याकडे. मला कळायला थोडा वेळ लागला. नाव त्यांना म्हणता येत नव्हतं. ते मी म्हणायचं होतं. मी वाचलं. पुटपुटल्यासारखं झालं. त्यांनी मान हलवली, नाही, आणि हात वर नेला, मोठ्यानं. मी उभा राहिलो आणि स्टेजवरून वाचतात तसं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्यानं वाचलं. चुलीपाशी त्यांच्या बायकोच्या हातातलं भांडं थांबलं. शेजारच्या ओटीवरची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

गुरुजींनी पडदा कोरा केला, डाव्या हाताच्या एका बोटानं पुन्हा लिस्ट लिहिलं, आणि माझ्याकडे बघत थांबले. मी परत वाचलं.